टिपेश्वरचा वाघ कुठे असतो?

यवतमाळ जिल्ह्यात फिरताना एक पथ्य पाळावं. नावावर जाऊ नये. केळापूर तालुक्याची कचेरी केळापुरात नाही, पांढरकवड्यात आहे. केळापूरला जगदंबेचं देऊळ आहे. सातबाऱ्याच्या कामासाठी चुकून तिथं पोचलेला माणूस देवीचं दर्शन घेऊन परत फिरतो. काम होत नाही, पण पुण्य पडतं. ही खोड जुनी आहे. इंग्रजांच्या अमदानीत आमच्या अख्ख्या जिल्ह्याचं नाव वणी आणि जिल्ह्याची कचेरी मात्र यवतमाळला. यात काहीतरी चुकतंय हे सरकारच्या लक्षात येऊन नाव बदलायला १९०५ साल उजाडावं लागलं.

आता टिपेश्वरचं घ्या. टिपाई देवीवरून नाव पडलेलं हे गाव पांढरकवडा आणि घाटंजीच्या मधल्या सागाच्या जंगलात होतं. १९९७ साली त्या जंगलाचं अभयारण्य झालं, क्षेत्र एकशे अठ्ठेचाळीस चौरस किलोमीटर आणि वर थोडं. अभयारण्याला गावाचं नाव दिलं आणि पुढं गावालाच उठवून बाहेर नेलं. आता आत टिपाई आहे, टिपेश्वर हे नाव आहे, फक्त टिपेश्वरकर बाहेर आहेत. एवढी परंपरा पाठीशी असताना टिपेश्वरचा वाघ टिपेश्वरात सापडला नाही, तर आम्हा यवतमाळकरांना त्याचं काही वाटत नाही. पण हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगणं कठीण जातं.

आमचे साडभाऊ पुण्याचे. माणूस कर्तबगार, हिशेबी आणि वेळेचा पक्का. त्यांनी फोनवर कार्यक्रम सांगितला तो असा: “सकाळी अर्धा दिवस वाघ उरकून घेऊ, दुपारी जेवू, आणि संध्याकाळी नागपूरहून विमान.” वाघ उरकून घ्यायचा असतो हे मला नवीन होतं. आमच्याकडे लग्नं उरकतात, पेरण्या उरकतात. वाघ उरकलेला कुणी ऐकला नव्हता. पण त्यांचा अभ्यास दांडगा होता. “महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. म्हणजे शक्यता किती वाढली बघा,” असं त्यांनी मला आकड्यानिशी पटवलं. शिवाय येण्याआधी त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ पुन्हा वाचून काढलं होतं. नागझिरा गोंदियाकडे आहे, हे मी बोललो नाही. नावाचं जंगल वेगळं आणि जायचं जंगल वेगळं, ही तर आमच्या जिल्ह्याची रीतच. पाहुणा आपसूक रुळला म्हणायचं.

त्यांनी गाडी घेतली ती खासगी. खासगी म्हणजे जिप्सीत परका माणूस नको. अनोळखी लोक बडबड करतात, पोरं रडतात, वेफर्सच्या पुड्या वाजवतात, म्हणून जास्तीचे पैसे भरून त्यांनी सहाच्या सहा जागा घेतल्या आणि त्यात घरची माणसं बसवली: ते, मेहुणी, त्यांचा मुलगा, मी, आमची ही, आणि आम्हा दोघांच्या सामायिक सासूबाई. परक्या माणसाला निदान ‘जरा हळू बोला’ असं सांगता येतं. सासूबाईंना ते कोण सांगणार, हा विचार त्यांच्या हिशेबातून सुटला होता.

सासूबाई घाटंजीकडच्या. दहा एकर काळी जमीन, कापूस, तूर आणि पाणी असलं तर हरभरा. वाघ पाहायला यायची त्यांना जराही हौस नव्हती. “टिपाईचं दर्शन होत असन तं येतो,” एवढ्या अटीवर त्या निघाल्या होत्या. सफारीत उतरता येत नाही, हे कळल्यावर त्यांनी वाटाड्याला देवीची दिशा विचारून घेतली, गाडीतूनच हात जोडले आणि त्यांच्यापुरती सहल पहाटेच सफल झाली. त्या गाडीत समाधानी असा तेवढा एकच जीव होता.

सुन्ना गेटावर अंधारातच जिप्सी रांगेनं उभ्या असतात. ओळखपत्रं तपासली जातात, वयं लिहून घेतली जातात, गाडीला वाटाड्या मिळतो. या वेळी तिथल्या पर्यटकांकडे पाहावं. जंगलात मिसळून जाण्यासाठी म्हणून सगळ्यांनी हिरवे-खाकी कपडे घातलेले असतात आणि एप्रिल महिन्यात सागाचं एक पान झाडावर शिल्लक नसतं. त्या करड्या-पिवळ्या रानात हिरवा म्हणून कुणी दिसत असेल तर तो पुण्या-मुंबईचा माणूस. साडभाऊंच्या टोपीला मागून झालर होती, शर्टाला इतके खिसे होते की गाडीची किल्ली शोधण्यात दहा मिनिटं गेली, आणि गळ्यात सासूबाईंच्या दंडाएवढी लेन्स होती. सासूबाई लाल काठाच्या लुगड्यात होत्या. साडभाऊंनी त्या लाल काठाकडे एकदा खेदानं पाहिलं आणि सर्वांना उद्देशून, पण एकीकडेच बघत, फर्मान काढलं: “आता फाटकाच्या आत गेल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही. काहीही झालं तरी. कुणीही.”

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली आणि मान हलवली.

एप्रिलचं टिपेश्वर बघायला काही कमी सुंदर नसतं. मोहाखाली पिवळट फुलांचा सडा, त्या वासानं भारलेली पहाट, धावड्याची गुळगुळीत पांढुरकी खोडं, ऐनाची मगराच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. मोहाच्या फुलांवर अस्वलाचा डोळा असतो आणि गेटाबाहेरच्या गावांतल्या बायांचाही. त्यामुळे पहाटे मोहाखाली दोघांची गाठ पडते, तेव्हा कुणी कुणाचं छायाचित्र काढत नाही. आमच्या गाडीत मात्र हे सगळं ‘वाघ येईपर्यंतचं’ होतं. पहिल्या चितळाचे साडभाऊंनी साठ फोटो काढले. दुसऱ्या कळपाचे सहा. तिसऱ्या कळपानं रस्ता अडवला तेव्हा त्यांनी चालकाला खूण केली, “पुढे घ्या.” अर्ध्या तासापूर्वी ज्याला बघून त्यांचा श्वास अडकला होता, तो प्राणी आता त्यांना वाहतुकीचा अडथळा वाटू लागला होता. नीलकंठ एका खुंटावरून उडाला, पंखांची निळाई उन्हात उघडून मिटली. मेहुणीनं बोट दाखवलं. साडभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

आमचा वाटाड्या जवळच्याच गावचा, विशीतला पोरगा होता. त्याला पाखरं, झाडं, ठसे सगळं उत्तम ठाऊक. फक्त वाघाच्या बाबतीत त्याचं व्याकरण भूतकाळी होतं. “काल सायंकाळी इथीच बसून होती, पाऊण घंटा.” “परवा सकाळी याच वळणावर तीन पिल्लं.” “आता, तुमी याच्या दहा मिनिटं आंधी, रस्ता पार केला. हे पाहा ठसे.” ठसे खरोखरच ताजे होते. मऊ धुळीत तळव्याची मोठी छाप, पुढं चार बोटं. साडभाऊंनी त्या धुळीचे वीस फोटो काढले. केळापूरची कचेरी पांढरकवड्यात, तसा आजचा वाघ कालमध्ये. मला काही खटकलं नाही.

आणि मग उजव्या हाताला, पळसाच्या झुडपाआड, रोही उभा राहिला. शहरात ज्याला नीलगाय म्हणतात तो. पूर्ण वाढलेला नर, घोड्याएवढा, करड्या-निळ्या रंगाचा, गळ्याखाली केसांचा झुपका. त्यानं मान वळवून आमच्याकडे असं पाहिलं की साडभाऊंचा संयम सुटला. स्वतःचंच फर्मान मोडून ते पुटपुटले, “अहाहा! काय देखणं जनावर आहे!”

सासूबाईंनीही पाहिलं. त्यांच्या नजरेत ओळख होती. जुनी, जमिनीच्या वादातली ओळख असते तशी. बोलायचं नव्हतं म्हणून त्या बोलल्या नाहीत, पण त्यांनी रोह्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग पाची बोटं तोंडाशी नेऊन चघळल्याची खूण केली. मेहुणीनं भाषांतर केलं: “आई म्हणतेय, यानंच आपला हरभरा खाल्ला.”

यात अतिशयोक्ती एवढीच की तो हाच रोही असेल असं नाही. बाकी सगळं खरं. अभयारण्याला कुंपण नसतं. रोही दिवसा आत पर्यटकांना दर्शन देतो आणि रात्री बाहेर शेतात जेवायला जातो. रानडुकरांचंही तेच. मग ज्यांच्या शेतात पंगत बसते ते थंडीच्या रात्री मळ्यावर माच्या बांधून जागल करतात, डबे वाजवतात, टॉर्च फिरवतात. म्हणजे एकाच जनावराला बघायला पुण्याचा माणूस पैसे भरून पहाटे उठतो आणि त्याच जनावराला न बघायला मिळावं म्हणून घाटंजीचा माणूस रात्रभर झोपत नाही. सरकारी वेळापत्रकात पहिल्याला पर्यटन म्हणतात. दुसऱ्याला काही म्हणत नाहीत.

वाघाचा हिशेबही असाच आहे, फक्त त्यात हसण्यासारखं कमी आहे. २०१८ साली याच पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात एक वाघीण होती. वनखात्याच्या कागदावर टी-१, वर्तमानपत्रांत अवनी. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लागले. तिला पकडायला हत्ती आले, कुत्रे आले, आकाशातून शोध घ्यायला पॅराग्लायडर आला, आणि तिनं वासानं यावं म्हणून ‘ऑब्सेशन’ नावाचं परदेशी अत्तर रानात शिंपडलं गेलं. मुंबईच्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवतात ते अत्तर राळेगावच्या झुडपांना लागलं, याची बातमी जगभर झाली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीनं मेली, आणि देशभर तिच्या बाजूनं आणि विरुद्ध भांडणं झाली. सासूबाईंना त्याबद्दल विचारलं तर त्या एवढंच सांगतात, की त्या वर्षी वेचणीला बाया मिळत नव्हत्या, कापूस झाडावर लोंबून राहिला. मग त्या दुसरा विषय काढतात.

आठ वाजता पहिला कॉल झाला. कॉल म्हणजे वाघ-बिबट्या दिसल्यावर इतर जनावरांनी दिलेली हाळी. वाटाड्यानं हात वर केला, गाडी थांबली. “चितळ हाये,” तो कुजबुजला, “चितळाचं काही खरं नसते, थे वाळलं पान पडलं तरी बोंबलते. सांबर बोललं तं समजाचं.” दोन मिनिटांनी पलीकडच्या नाल्यातून खरोखर सांबर ओरडलं. आणि पाहता पाहता कुठून कुठून जिप्सी गोळा झाल्या. इतका वेळ आपण घनदाट अरण्यात एकटे आहोत असं वाटत होतं. आता कळलं की आख्खं कोथरूड झाडाआड दबा धरून होतं. एका गाडीतला वाटाड्या दुसऱ्याला भुवईनं विचारतो, दुसरा ओठ काढतो, तिसरा उजवीकडे बोट करतो. त्या बोटासरशी सगळ्या गाड्यांतली सगळी माणसं उजवीकडे उभी राहिली आणि सगळ्या लेन्सा उजवीकडच्या बांबूच्या बेटावर लागल्या.

अशा वेळी तासभर नुसतं उभं राहावं लागतं. वाघ दिवसातले सोळा-सतरा तास लोळून काढतो, आणि तो कधी लोळणार हे वेळापत्रकात छापलेलं नसतं. साडभाऊंची चुळबुळ बघून वाटाड्यानं हळू आवाजात वॉकर नावाच्या वाघाची गोष्ट काढली. ही गोष्ट टिपेश्वरचा प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि सांगावी अशीच ती आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत इथल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. जूनमध्ये तो निघाला. पांढरकवड्याहून तेलंगणात, आदिलाबादकडे, परत महाराष्ट्रात, शेतं, कालवे, रस्ते ओलांडत, दिवसा झुडपात झोपत आणि रात्री चालत. पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर तोडून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२० च्या एप्रिलमध्ये कॉलर काढली तोवर एकूण चाल तीन हजार किलोमीटरांवर गेली होती. गाडी नाही, वाटाड्या नाही, आगाऊ नोंदणी नाही. खासगी सहल म्हणतात ती ही.

तो एकटाच असंही नाही. २०२१ साली तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात अनेक दशकांनी वाघ दिसला, तोही टिपेश्वरचा. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिवकडे येडशीच्या रामलिंग घाटात कॅमेऱ्यात आला, तोही टिपेश्वरचा. वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे गाव लपत नाही. कारण साधं आहे. इथं वाघिणींना पिल्लं होतात, ती जगतात, मोठी होतात आणि जागा तेवढीच राहते. नर वयात आला की बाप त्याला हद्दीतून काढतो. मग नवीन जागा आणि जोडीदारीण शोधत तो निघतो. यवतमाळचं पोरगं बारावी झालं की नोकरी शोधायला पुण्याला जातं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की वाघ अजून हिंजवडीपर्यंत पोचलेला नाही.

हे मी साडभाऊंच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आम्ही पुण्याहून वाघ बघायला इकडे येतोय आणि इथले वाघ तिकडे निघालेत?” मी म्हणालो, “तालुका केळापूर, कचेरी पांढरकवडा.” त्यांना संदर्भ लागला नाही.

वाटाड्या मात्र वेगळंच बोलला, आणि त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं. “साहेब, गेटाच्या आत वाघाले नाव असते. आर्ची म्हणा, तलाववाली म्हणा. गेटाच्या बाहेर गेला का त्याले नंबर भेटते. अन् वावरात शिरला का पंचनामा.” ‘सैराट’च्या आर्चीचं नाव वाघिणीला द्यावं, इतकं प्रेम आपण आतल्या वाघावर करतो. तोच वाघ पावलं टाकत कपाशीच्या ओळीत शिरला की त्याच्यावर प्रेम करायला कुणी उरत नाही. उरतो तो तलाठी, वनरक्षक आणि मेलेल्या गोऱ्ह्याचा मालक.

दहाच्या सुमाराला बांबूच्या बेटातून एक मोर बाहेर आला. त्यानं इतक्या लेन्सांचं स्वागत बघून पिसारा उलगडायला हवा होता; पण तो ढुंकूनही न बघता निघून गेला. वेळ संपली. गाड्या वळल्या. साडभाऊ लेन्सेवर टोपण लावताना एखाद्याचे डोळे मिटावे तशा गंभीरपणे लावत होते. फाटकाबाहेर पडलो, चहाच्या टपरीपाशी थांबलो, तेव्हा सासूबाईंनी बडीशेपेची पुडी काढली आणि सहज म्हटलं, “लय मोठा नव्हता. पण अंगानं भरेल होता.”

“कोण?” मेहुणीनं विचारलं.

“वाघ.”

चहाचे पेले जागच्या जागी थांबले. “कुठं?” “कधी?” “कुणी पाहिला?”

“तुमी सारे तिकडं बांबूत पाहत होते नं, तवा. डाव्या अंगानं निंघाला, रस्ता लांघला, नाल्यात उतरला. म्या त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं माह्याकडं पाह्यलं. काही म्हणला नाही. गेला.”

साडभाऊंचा आवाज बसला. “आई! मग सांगायचं ना!”

“तुमीच तं म्हणलं जवाईबापू, बोलाचं नाही. काहीबी झालं तरी.”

पुढची पंधरा मिनिटं साडभाऊंनी सासूबाईंची उलटतपासणी घेतली. किती अंतरावर होता? नर होता की मादी? कानामागं पांढरा ठिपका होता का? पट्टे कसे होते? गळ्यात कॉलर होती का? सासूबाईंनी चहा बशीत ओतला, फुंकर मारून प्यायल्या आणि म्हणाल्या, “त्याचं लगन जुळवाचं हाये का?”

सासूबाईंनी खरंच पाहिला की नाही, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. आमच्या हिचं म्हणणं, आई खोटं बोलत नाही. साडभाऊंचं म्हणणं, पुरावा नाही. त्यांच्याकडे धुळीतल्या पंजाचे वीस फोटो आहेत आणि ते सोसायटीतल्या लोकांना ‘अगदी थोडक्यात हुकला’ असं सांगून दाखवतात. मी वाटाड्याला एकीकडे घेऊन विचारलं होतं. तो म्हणाला, नाला आहे, पाणी आहे, सांबर बोललं होतं. वाघ डावीकडून निघणंच जास्त शक्य. मग तू उजवीकडे का पाहिलंस? “सारे तिकडंच पाहत होते, म्हणून म्याबी पाह्यलं.”

माझं मत विचाराल तर म्हातारीनं पाहिला. कारण त्या साऱ्या गर्दीत वाघाची गरज नसलेली ती एकटीच होती. आणि आयुष्यभर जागल केलेल्या माणसाला कुठून काय येतं हे कळतं, त्याला बोट दाखवावं लागत नाही.

तुम्हाला टिपेश्वरला जायचं असेल तर जरूर जा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर पांढरकवड्याला उतरा. केळापूरला उतरलात तर आधी देवीचं दर्शन घ्या. पावसाळ्यात फाटक बंद असतं. उन्हाळ्यात पाणवठे आटत जातात तेव्हा वाघ दिसण्याची शक्यता वाढते आणि पाराही पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा टोपी झालरीची असली तरी चालेल. चितळाला हिणवू नका, रोह्याचं कौतुक करताना शेजारी शेतकरी बसलेला नाही ना ते बघा. वाटाड्या त्याच गावांतला असतो, त्याला खरा मेहनताना द्या. वाघ हमखास दाखवतो म्हणणाऱ्याला जास्तीचा एक पैसा देऊ नका. आणि गाडीत घरची म्हातारी असेल, तर तिला बोलू द्या.